उठाबशा काढणारा संगणक

विद्यार्थीमित्रहो, गृहपाठ केला नाही म्हणून उठाबशा काढण्याची शिक्षा तुमच्या आजोबांच्या शाळेत सर्रास होत असे. उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे, पुन्हा बसायचे! काहीही गुन्हा केलेला नसताना एक संगणक अशाच उठाबशा काढू लागला. बटण दाबले की तो जागा व्हायचा, पडदा उजळायचा आणि काम सुरू होण्यापूर्वीच पडदा काळा पडून सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे.

असा संगणक तुम्हालाही घरी, शाळेत किंवा शेजारी कधी तरी भेटेल. त्या वेळी काय करावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे कळावे म्हणून ही हकीकत सांगतो.

डिसेंबर महिन्यातील एका थंड सकाळी आमच्या शेजारची, नववीत शिकणारी मुलगी धावत आली. “काका, आमचा संगणक सुरूच होत नाही. म्हणजे होतो, पण लगेच मरतो आणि पुन्हा आपोआप सुरू होतो. दुकानातले दादा फोनवर म्हणाले, फॉरमॅट मारावा लागेल.”

“मग मारू दे की,” मी सहज म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. “त्यात आमच्या पावसाच्या नोंदी आहेत!”

मग खुलासा झाला. गेली दोन वर्षे ती आणि तिचे आजोबा गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून पाऊस मोजत होते. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे ज्या वेळी भारतीय हवामान खाते दिवसाचा पाऊस मोजते त्याच वेळी, आजोबा आकडा सांगत आणि ती लिहून घेई. नंतर ती आकडे संगणकात भरी. मूळ वह्या माळ्यावर ठेवल्या होत्या. यंदा छप्पर गळले आणि पावसाच्या नोंदी पावसानेच पुसून टाकल्या! आता ते आकडे फक्त त्या एका संगणकात होते, आणि बारा दिवसांवर शाळेचे विज्ञान प्रदर्शन आले होते.

फॉरमॅट करणे म्हणजे हार्ड डिस्क पुसून नव्याने आखणे. वहीची सगळी पाने फाडून कोरी वही हातात घेण्यासारखेच ते. दोष खरोखर वहीत असेल तर ठीक. पण दोष दौतीत असेल तर? पाने तर जातील आणि शाई गळायची ती गळतच राहील.

तेव्हा आम्ही ठरवले की, दोष कुठे आहे हे कळेपर्यंत काहीही पुसायचे नाही.

संगणक जागा कसा होतो?

रोगाचे ठिकाण शोधायचे तर आधी निरोगी शरीराचे काम माहीत हवे. टेबलावरच्या ज्या डब्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो, तो खरे तर नुसता डबा, म्हणजे कॅबिनेट होय. सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो आत असतो आणि तळहातावर सहज मावेल एवढा लहान असतो.

तुम्ही बटण दाबता तेव्हा सर्वांत आधी जागा होतो तो विद्युतपुरवठा करणारा पत्र्याचा चौकोनी डबा. त्याला आपल्याकडे ‘एसएमपीएस’ म्हणतात. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि दर सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी असते. ती जशीच्या तशी आतील नाजूक भागांना दिली तर ते क्षणात जळून जातील. एसएमपीएस त्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा सरळ, स्थिर प्रवाह तयार करतो. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, तांबड्या तारेत ५ आणि नारिंगी तारेत ३.३ व्होल्ट असतात. काळ्या तारा परतीच्या. या आकड्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे १२ व्होल्टचा दाब ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर जाता कामा नये.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. हा डबा सुरू होताच प्रोसेसर काम करू लागत नाही. मदरबोर्ड त्याला दटावून गप्प बसवतो. सर्व दाब स्थिर झाले की एसएमपीएस एका वेगळ्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा इशारा पाठवतो. त्याला सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ लागतो. तो इशारा आला की मगच प्रोसेसरला मोकळे सोडले जाते. हा इशारा लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तो फार उपयोगी पडणार आहे.

मोकळा झालेला प्रोसेसर अगदी तान्ह्या बाळासारखा असतो. त्याला हार्ड डिस्क म्हणजे काय, पडदा म्हणजे काय, काहीच ठाऊक नसते. एका ठरावीक पत्त्यावर जाऊन पहिली आज्ञा वाचायची, एवढेच त्याला जन्मतः येते. त्या पत्त्यावर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असतो. जुन्या संगणकांत त्याला ‘बायोस’ म्हणत. नव्यांत ‘यूईएफआय’ असतो. हा प्रोग्रॅम रॅम, कळफलक, पडदा, डिस्क यांची हजेरी घेतो. हजेरी पूर्ण झाली की तो डिस्कवरून एक लहान प्रोग्रॅम उचलतो, तो प्रोग्रॅम विंडोज किंवा लिनक्ससारखी मोठी कार्यप्रणाली उचलतो आणि मग तुमचा नेहमीचा पडदा दिसतो.

लहानाने मोठ्याला उचलायचे, असा हा प्रकार आहे. जणू आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलणे! इंग्रजीत अशीच एक म्हण आहे आणि तीवरूनच संगणक सुरू करण्याला ‘बूट करणे’ हे नाव पडले. १९७५ साली निघालेल्या अल्टेअर ८८०० या संगणकात तर हा पहिला लहान प्रोग्रॅम समोरच्या खटक्यांवरून हाताने, एकेक आज्ञा करून भरावा लागे. वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा!

मध्येच बसतो का?

संगणक आपोआप नव्याने सुरू होतो तो बहुधा स्वतःच्या रक्षणासाठी. ‘वीज ठीक आहे’ हा इशारा क्षणभर जरी गेला, तरी मदरबोर्ड प्रोसेसरला थांबवतो आणि इशारा परत आला की पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो. कमी दाबाच्या विजेवर प्रोसेसरने चुकीची बेरीज करून ती डिस्कवर लिहिण्यापेक्षा ते बरे, नाही का?

कार्यप्रणालीही असेच करते. विंडोजला आतमध्ये न सुधारता येणारी चूक आढळली की ती काम थांबवून चुकीचे नाव पडद्यावर दाखवते आणि मग संगणक आपण होऊन नव्याने सुरू करते. कित्येकदा तो पडदा इतका झटकन जातो की वाचताच येत नाही.

तेव्हा उठाबशा हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो, थंडी वाजते का, असे ते आधी विचारतात. संगणकालाही आपण असेच प्रश्न विचारायचे. त्यांतला पहिला प्रश्न असा : बसतो, पण कोणत्या पायरीवर?

१. पंखे फिरू लागताच, पडद्यावर काहीही येण्यापूर्वी बसत असेल, तर एसएमपीएस, सैल झालेली एखादी जोडणी, खाचेत नीट न बसलेली रॅमची पट्टी किंवा अडकून बसलेले बटण यांवर संशय घ्यावा. हसू नका! कॅबिनेटवरील रीस्टार्टचे बटण धुळीने आतच अडकले, म्हणजे कोणी तरी ते सतत दाबून धरल्यासारखेच होते.

२. कंपनीचे बोधचिन्ह दिसत असताना बसत असेल, तर रॅम किंवा बाहेरून जोडलेले एखादे उपकरण दोषी असू शकते.

३. कार्यप्रणाली सुरू होताना, ठिपक्यांचे वर्तुळ फिरत असताना, दर वेळी नेमक्या एकाच ठिकाणी बसत असेल, तर कार्यप्रणालीच्या फायली, एखाद्या उपकरणाचा प्रोग्रॅम किंवा हार्ड डिस्क यांच्याकडे पाहावे.

४. पूर्ण सुरू होऊन, जड काम सुरू करताच बसत असेल, तर उष्णता किंवा अपुरी वीज. प्रोसेसरवरील पंख्यात धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही आणि तापमान फार वाढले की संगणक स्वतःच बंद होतो.

ही यादी म्हणजे निकाल नव्हे, ती केवळ संशयितांची नावे आहेत. पण कुठे पाहायला सुरुवात करावी हे तिच्यावरून कळते.

वही आणि घड्याळ

आम्ही एक कोरी वही आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन संगणकासमोर बसलो. बटण दाबायचे काम माझे, वेळ टिपायचे तिचे. पावसाच्या नोंदींमुळे तिचा हात बसलेला होताच. तिने लिहिले :

पहिली खेप, ९ सेकंद, बोधचिन्ह. दुसरी खेप, १४ सेकंद, बोधचिन्ह. तिसरी, २१ सेकंद, ठिपके. चौथी, २० सेकंद, ठिपके. पाचवी, ३३ सेकंद, ठिपके. सहावी, ४१ सेकंद, ठिपके.

“आता थांबवू या,” मी म्हणालो. कारण डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज तुटली तर फायली बिघडू शकतात. रोगी तपासताना त्याला आणखी आजारी करायचे नाही! अर्ध्या तासाने, संगणक पूर्ण थंड झाल्यावर, आम्ही एकदाच पुन्हा बटण दाबले. या खेपेस १० सेकंद.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा आणि या आकड्यांकडे नीट पाहा. तुम्हाला काय दिसते?

एक तर तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी बसत होता. फाइल बिघडलेली असती तर त्या फायलीपाशी पोचल्यावरच तो अडखळला असता. दुसरे असे की, तो जसजसा तापत गेला तसतसा जास्त वेळ टिकला. उष्णतेचा दोष असता तर याच्या उलट झाले असते : थंड असताना जास्त वेळ आणि तापल्यावर कमी. म्हणजे उष्णता निर्दोष. आणि हे सारे पेचकस हातात न घेता, नुसत्या वहीवरून कळले!

मंगळावरच्या उठाबशा

पण डिस्क आणि विंडोज यांच्यावरचा संशय पुरता कसा दूर करायचा? त्यासाठी एक जुनी, खात्रीची युक्ती आहे : ज्याच्यावर संशय आहे त्याला बाजूला ठेवून यंत्र सुरू करून पाहायचे. याच युक्तीने एकदा पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर असलेला संगणक वाचवला होता.

अमेरिकेच्या नासा या संस्थेची ‘स्पिरिट’ नावाची सहाचाकी गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरली. २१ जानेवारीला तिचे बोलणे एकाएकी तुटले. पसाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांना जे तुटक संदेश मिळाले त्यांवरून कळले की, गाडीचा संगणक सुरू होतो आणि सुरू होता होताच पुन्हा नव्याने सुरू होतो. तीन दिवसांत साठांहून अधिक वेळा! त्यामुळे गाडीला रात्री झोपताही येईना आणि तिची बॅटरी संपत चालली. तिथे दुकानातले दादा जाणार कसे? पृथ्वीवरून पाठवलेली आज्ञा पोचायलाच सुमारे दहा मिनिटे लागत होती.

अभियंत्यांचा संशय गाडीच्या फ्लॅश स्मृतीवर गेला. तिची क्षमता २५६ मेगाबाइट होती आणि त्यात छायाचित्रांच्या व इतर मोजमापांच्या फायली साठत. संगणक सुरू होताना या सर्व फायलींची यादी रॅममध्ये घेई. त्यांनी आज्ञा धाडली : फ्लॅश स्मृतीला हात न लावता सुरू हो. आणि काय आश्चर्य! उठाबशा थांबल्या. गाडी शांतपणे जागी राहिली. फायली इतक्या साठल्या होत्या की त्यांची यादीच रॅममध्ये मावत नव्हती. यादी मावली नाही की चूक, चूक झाली की नव्याने सुरुवात, आणि पुन्हा तीच यादी! मग अभियंत्यांनी नको असलेल्या फायली काढल्या, ती स्मृती पुसून नव्याने आखली आणि ६ फेब्रुवारी २००४ पर्यंत गाडी पूर्ववत कामाला लागली. तिच्याकडून अपेक्षा होती मंगळावरील ९० दिवसांची. ती चालली २०१० सालच्या मार्चपर्यंत!

म्हणजे मंगळावर फॉरमॅट हाच उपाय होता. पण तो त्यांनी केला केव्हा? दोष तिथेच आहे, याचा पुरावा हाती आल्यावर.

विंडोजमधील ‘सेफ मोड’ हीसुद्धा याच जातीची युक्ती. सुरू होण्यात लागोपाठ अपयश आले की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतात. तेथून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये गेले की ४ क्रमांकाने सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्याच प्रोग्रॅमांसह सुरुवात, करता येते. ९ क्रमांकाने चुकीनंतरचे आपोआप सुरू होणे बंद करता येते. त्यामुळे चुकीचे नाव पडद्यावर स्थिर राहते आणि वहीत उतरवून घेता येते.

संशयित एकामागून एक

आमचा संगणक तिथवर पोचतच नव्हता. म्हणून आम्ही त्याहून कडक परीक्षा घेतली. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढला. कॅबिनेट उघडले. हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली काढल्या. आता आत विंडोजच उरले नव्हते! मग प्लग लावून, सुरू होताच ‘डिलीट’ ही कळ दाबून आम्ही बायोसच्या पडद्यावर गेलो आणि गप्प बसून राहिलो. (काही संगणकांत यासाठी ‘एफ२’ दाबावी लागते.)

सतराव्या सेकंदाला पडदा काळा पडला आणि उठाबशा पुन्हा सुरू.

ती टाळ्या वाजवू लागली. तिची आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, “बिघडलेला संगणक पुन्हा बिघडला, यात एवढा आनंद कसला?” आनंद याचा की, डिस्क जोडलेलीच नसताना संगणक बसला, म्हणजे तो बसतो तो डिस्कमुळे नव्हे, विंडोजमुळेही नव्हे. फॉरमॅट केला असता तर दोन वर्षांचा पाऊस वाहून गेला असता आणि संगणक तसाच उठाबशा काढत राहिला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती डिस्क शाळेत नेली. स्वतंत्र वीज देणाऱ्या यूएसबी अडॅप्टरने ती शाळेच्या संगणकाला जोडली. तिने थरथरत्या हाताने फाइल उघडली. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सारे आकडे जागच्या जागी होते. तिने लगेच त्यांच्या दोन प्रती केल्या. एक पेनड्राइव्हवर आणि एक चक्क कागदावर छापून. आजोबांनी तो कागद या खेपेस माळ्यावर न ठेवता देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवला!

घरी परतल्यावर उरलेल्या संशयितांचा तपास. नियम एकच : एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर श्रेय कोणाला द्यायचे?

प्रिंटर आणि कॅमेरा काढून पाहिला. फरक नाही. भिंतीवरचा दुसरा सॉकेट वापरला. फरक नाही. रीस्टार्टच्या बटणाची तार मदरबोर्डवरून काढली. फरक नाही. माझा स्वतःचा दाट संशय रॅमवर होता. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. आधी एक काढली, मग ती लावून दुसरी काढली. दोन्ही वेळा उठाबशा चालूच. दोन्ही पट्ट्या एकाच दिवशी बिघडणे कठीण. माझा अंदाज चुकला होता. तिने वहीत लिहिले : ‘काकांचा संशय खोटा.’ तेही लिहायलाच हवे!

उरला एसएमपीएस. मी मीटर लावून पिवळ्या तारेतील दाब मोजला. भरला ११.९ व्होल्ट. अगदी निरोगी! मग काय, तोही निर्दोष?

दुकानातल्या दादांना आम्ही वही दाखवली. त्यांनी ती लक्षपूर्वक वाचली आणि काही न बोलता आतून एक चांगला एसएमपीएस काढून दिला. “लावून बघा,” म्हणाले. लावला. संगणक सुरू झाला आणि तासभर सुरूच राहिला. आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. जुना परत जोडला. अकराव्या सेकंदाला उठाबशा. पुन्हा चांगला जोडला. उठाबशा बंद. आता मात्र गुन्हेगार सापडला, असे म्हणायला हरकत नव्हती.

मीटरला का दिसले नाही?

एसएमपीएसच्या आत वीज दर सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. त्यामुळे बाहेर येणारा प्रवाह खडबडीत असतो. त्याला सपाट करण्याचे काम कपॅसिटर, म्हणजे धारित्रे, करतात. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी थांबून थांबून आले, तरी टाकीतून ते एकसारखे मिळते. धारित्र म्हणजे विजेची अशीच टाकी. त्यात एक द्रव असतो. वर्षानुवर्षे उष्णता सोसून तो द्रव सुकत जातो आणि टाकीत जणू गाळ भरतो.

मग एखाद्या भागाने एकाएकी जास्त वीज मागितली की दाब क्षणभर कोसळतो. घरात पाण्याचा पंप सुरू झाला की दिवा क्षणभर मंदावतो, तसेच. हा खड्डा सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही असू शकतो. आपला साधा मीटर तेवढ्या वेळात आकडा बदलूही शकत नाही. तो सरासरीच दाखवतो. मदरबोर्डला मात्र ‘वीज ठीक आहे’ हा इशारा गेल्याचे तत्काळ कळते आणि संगणक बसतो.

आणि तो तापल्यावर जास्त का टिकत होता? सुकत आलेले धारित्र थंड असताना अधिकच नाठाळ असते. थोडे तापले की त्याचा अंतर्गत रोध कमी होऊन ते जरा बरे वागते. ते ९, १४, २१, ३३, ४१ सेकंद म्हणजे त्या धारित्राने आपणहून दिलेली कबुलीच होती! दादांनी नंतर तो डबा आपल्या टेबलावर उघडला. दोन धारित्रांची वरची टोपणे, जी सपाट असायला हवीत, ती फुगलेल्या पुरीसारखी वर आली होती.

हे मात्र करू नका

मित्रहो, एसएमपीएसचा डबा तुम्ही कधीही उघडू नका. आमच्या हकीकतीतही तो आम्ही उघडला नाही. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि आतील मोठे धारित्र तेवढ्या दाबाने भरलेले असते. प्लग काढल्यानंतरही ते काही काळ भरलेले राहू शकते. त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो.

कॅबिनेट उघडायचे झाले तरी घरातील मोठे माणूस सोबत हवे. आधी प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. मग कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज संपू द्या आणि रॅमला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज नाजूक चिपा बिघडवते. जळका वास आला, धूर दिसला किंवा ठिणगी उडाली, तर तपास तिथेच थांबवून जाणकाराला बोलवा.

आणि सर्वांत शेवटी, ज्या नोंदीवर तुमचा जीव आहे तिची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. हे काम संगणक धडधाकट असतानाच करायचे असते.

करून पाहा

तुमच्या शाळेतील एखादा चांगला चालणारा संगणक निवडा. शिक्षकांची परवानगी घ्या. बटण दाबल्यापासून बोधचिन्ह किती सेकंदांनी दिसते, ठिपक्यांचे वर्तुळ किती सेकंदांनी येते आणि काम करण्याजोगा पडदा केव्हा दिसतो, हे तीन दिवस, सकाळी आणि दुपारी, घड्याळ लावून टिपा. सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांत फरक पडतो का? सर्वच संगणकांना सारखाच वेळ लागतो का? ही वही संगणकाशेजारीच ठेवा. पुढे कधी तो आजारी पडला, तर तो निरोगी असताना कसा होता हे सांगणारी ही पहिली साक्ष असेल.

आमच्या शेजारणीने विज्ञान प्रदर्शनात पावसाचा तक्ता मांडला. त्याच्या शेजारी तिने दुसरी एक लहान वही ठेवली होती. येणारेजाणारे तिला विचारत होते, “पावसाच्या तक्त्याजवळ ही सेकंदांची वही कशाला?” आणि ती प्रत्येकाला ही सारी हकीकत पहिल्यापासून सांगत होती.